मोटारीचा प्लग बसवितांना

मोटार बाळगणाऱ्यांत दोन प्रकारचीं माणसें आढळतात. इंजिनानें जरा कुरकुर केली कीं कांहीं जण थेट गॅरेजची वाट धरतात. तर कांहीं जण रविवारच्या सकाळीं बाह्या सारून, बॉनेट उघडून स्वतःच कामाला लागतात. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांची परंपरा खुद्द मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ सालच्या ऑगस्टमध्यें जर्मनींत बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न कळवितां, त्यानें बनविलेल्या तीनचाकी मोटारींतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचें आवरण झिजलें, तेथें मोज्याचा बंद गुंडाळून तिनें वेळ निभावली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि मोटारीची पहिली घरगुती दुरुस्ती या दोन्ही गोष्टी एकाच दिवशीं घडल्या, असें म्हटलें तरी चालेल.

अशा घरगुती कामांत प्लग बदलण्याचें काम सर्वांत सोपें समजलें जातें. चार प्लग, एक पाना आणि तासाभराची सवड एवढेंच भांडवल त्याला पुरतें. हें खरें आहे, पण तें अर्धेंच खरें आहे. थोडक्या किंमतीचा प्लग चुकीच्या रीतीनें बसविला गेला, तर त्याच्या कितीतरी पट किंमतीचें सिलिंडर हेड निकामी होऊं शकतें. आणि ही चूक बहुधा अज्ञानानें होत नाहीं, घाईनें आणि अंगच्या जोरानें होते. जुना प्लग काढणें हें पान्याचें काम आहे. नवा प्लग बसविणें हें आधीं बोटांचें काम आहे आणि शेवटीं मोजमापाचें. एवढी एक गोष्ट ज्याला पटली, त्याला बाकीचें सर्व सहज साधतें.

ही गोष्ट पटण्यासाठीं प्लगचें काम नीट समजावून घेतलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण सिलिंडरमध्यें ओढलें जातें, दट्ट्या वर येऊन तें दाबतो, आणि नेमक्या क्षणीं प्लगच्या टोंकाशीं ठिणगी उडून तें पेटतें. पेटलेला वायु फुगतो व दट्ट्याला खालीं ढकलतो. गाडीच्या सर्व गतीचें मूळ या एका धक्क्यांत आहे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असतां आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्यें मिनिटाला १,५०० वेळां, म्हणजे सेकंदाला २५ वेळां, ही ठिणगी पडते.

प्लगची घडण पाहिली तर ती साधीच आहे. मध्यें धातूची एक दांडी, तिच्याभोंवतीं चिनी मातीच्या जातीचें कठीण पांढरें आवरण, आणि त्याबाहेर पोलादी कवच. कवचाच्या खालच्या अंगाला आटे असतात. त्यांच्या योगानें प्लग हेडमध्यें घट्ट राहतो. कवचाच्या टोंकापासून एक वांकवलेली पट्टी निघून मधल्या दांडीसमोर येते. दांडी व पट्टी यांमधील फट मिलिमीटरभर किंवा त्याहून थोडी कमी असते. परंतु दाबलेल्या वायूंतून ती ओलांडावयाची म्हणजे विजेला दहा हजारांपासून वीस-तीस हजारांपर्यंत व्होल्टांचा दाब लागतो. इंजिन विजेच्या ठिणगीनें पेटविण्याची कल्पना एत्येन लेन्वार यानें १८६० साली पॅरिसमध्यें आपल्या गॅसवरील इंजिनांत वापरली होती. पुढें १९०२ मध्यें रॉबर्ट बॉश यांच्या स्टुटगार्ट येथील कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो व त्याला साजेसा प्लग तयार केला, आणि मोटारीच्या या अंगाला बरीचशी आजची घडण आली.

ठिणगी पाडणें हें प्लगचें काम सर्वांना ठाऊक असतें; परंतु तेवढ्यानें त्याचें कर्तव्य संपत नाहीं. त्याचीं आणखी दोन कामें आहेत, आणि तो कसा बसविला आहे यावर तीं सर्वस्वीं अवलंबून असतात. त्यांपैकीं एक म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरील भोंक बुजवून धरणें. मिश्रण पेटतें त्या क्षणीं आंतील दाब दर चौरस सेंटिमीटरला पन्नास-साठ किलोंपर्यंत चढूं शकतो. १४ मिलिमीटर व्यासाच्या प्लगचें तोंड सुमारें दीड चौरस सेंटिमीटर भरतें. म्हणजे प्लगला बाहेर उडवूं पाहणारा धक्का पाऊणशें ते नव्वद किलोंचा, जवळजवळ धान्याच्या भरल्या पोत्याएवढा असतो. आणि तो सेकंदाला २५ वेळां बसतो. त्या धक्क्यापुढें टिकाव धरावयाचा तो थोड्याशा आट्यांनीं.

दुसरें काम उष्णता बाहेर नेण्याचें. पेटलेल्या वायूचें उष्णतामान दोन हजार अंशांच्याही वर जातें. परंतु प्लगच्या टोंकाचें उष्णतामान मात्र साधारणतः साडेचारशें ते साडेआठशें अंश सेल्सियसच्या दरम्यान राहावें लागतें. त्याहून तें कमी झालें तर टोंकावर बसलेली काजळी जळून जात नाहीं, आणि वीज फट ओलांडण्याऐवजीं त्या काजळीवरूनच निसटते. त्याहून तें फार वाढलें तर टोंक निखाऱ्यासारखें लाल होतें आणि ठिणगी पडण्यापूर्वींच मिश्रण पेटवितें. अशा अकालीं पेटण्यानें दट्ट्याला भोंक पडल्याचीं उदाहरणें मिस्त्री लोकांना पुष्कळ ठाऊक आहेत. टोंकाची ही उष्णता निघून जाते ती मुख्यतः कवचाचे आटे आणि प्लगची बैठक यांच्या वाटेनें हेडमध्यें, आणि तेथून थंड पाण्याच्या प्रवाहांत. आटे मळलेले असले, किंवा बैठक नीट टेकलेली नसली, कीं ही वाट अडली.

आतां प्लग सैल बसला तर काय होतें आणि फाजील आवळला तर काय होतें, हें निराळें सांगावयास नको. सैल प्लगखालचा वायसर पुरता दाबला जात नाहीं; त्याच्या कडेनें जळता वायु फुसफुसत बाहेर येतो, टोंक तापतें, आणि रोजच्या हादऱ्यांनीं प्लग आणखीच सैल होत जातो. उलट फाजील आवळलेल्या प्लगचें कवच ताणलें जातें, आंतील पांढऱ्या आवरणाची पकड ढिली होते, आणि हेडमधील आटे ओढले जाऊन कायमचे दुबळे होतात. जितका घट्ट तितका चांगला, हा जो साधारण समज आहे, तो प्लगच्या बाबतींत साफ चुकीचा आहे.

या समजाचें मूळ जुन्या इंजिनांत आहे. एके काळीं हिंदुस्थानच्या रस्त्यांवर जिकडे तिकडे दिसणाऱ्या अँबॅसडर गाडीच्या पेट्रोल इंजिनाचें हेड बिडाचें होतें. बीड कणखर, पान्याला दोन हिसके अधिक बसले तरी तें सहन करी. आजच्या मोटारींचीं हेडें अल्युमिनियमचीं असतात. अल्युमिनियम हलकें, उष्णता चटकन् वाहून नेणारें, पण पोलादाच्या मानानें मऊ. पोलादी प्लग आणि अल्युमिनियमचें हेड यांची झुंज लागली तर हार हेडचीच होणार, हें ठरलेलें. बिडाच्या हेडवर तयार झालेला हात अल्युमिनियमवर तसाच चालविला, तर तें नुकसान भरून काढणें सोपें नसतें.

आणखी एक फरक ध्यानांत घेण्यासारखा आहे. पूर्वीं पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग मिसळीत असत. त्याचा थर प्लगवर बसे, आणि मालक मंडळी वरचेवर प्लग काढून घासून-पुसून परत बसवीत. भारतांत २००० साली शिशाचें पेट्रोल बंद झालें. शिवाय प्लॅटिनम व इरिडियम या धातूंच्या टोंकांचे प्लग आले. इरिडियम वितळण्यास सुमारें २,४५० अंश उष्णतामान लागत असल्यामुळें त्याचें बारीक टोंकही फार काळ झिजत नाहीं. असे प्लग लाखभर किलोमीटरही चालतात. हा लाभच खरा; परंतु त्यामुळें प्लग वर्षानुवर्षें हेडमध्यें तसाच राहून आट्यांत घट्ट रुतून बसतो, आणि मालकाच्या हाताची संवय मोडते. काम क्वचित् करावें लागतें म्हणूनच तें अधिक जपून करावें लागतें.

पहिली खबरदारी दुकानांतच घ्यावयाची असते. सारेच प्लग दिसावयास सारखे, पण व्यास, आट्यांची लांबी, बैठकीचा प्रकार आणि उष्णता वाहून नेण्याची शक्ति या चारही बाबतींत ते निरनिराळे असतात. व्यास बहुधा १४, १२ किंवा १० मिलिमीटर असतो, आणि तो चुकला तर लगेच कळून येतो. लांबी चुकली तर मात्र कळत नाहीं. १९ मिलिमीटर आट्यांच्या जागीं त्याहून लांब प्लग बसविला तर त्याचें टोंक झडपेला किंवा दट्ट्याला लागूं शकतें, आणि पुढें डोकावणारे आटे तापून लाल होतात. आंखूड प्लग बसविला तर हेडमधील मोकळ्या राहिलेल्या आट्यांत काजळी भरते, आणि पुढें योग्य प्लगही तेथें नीट बसत नाहीं. बैठकीचे प्रकार दोन: सपाट बैठक, जिच्याखालीं वायसर असतो, आणि निमुळती बैठक, जी वायसराशिवाय थेट हेडला टेकते.

चौथी बाब उष्णतेची. टोंकाची उष्णता चटकन् बाहेर घालविणाऱ्या प्लगला थंड प्लग म्हणतात, आणि ती धरून ठेवणाऱ्याला गरम प्लग. हा गुण प्लगवरील अंकावरून ओळखतात. परंतु येथें एक गोंधळ आहे. एन.जी.के. व डेन्सो या जपानी प्लगांवर अंक जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश व चॅम्पियन यांच्या पद्धतींत नेमकें उलट. तेव्हां एका कंपनीचा अंक पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग निवडणें धोक्याचें. गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला क्रमांक हाच प्रमाण मानावा. विशेषतः जी गाडी सी.एन.जी.वर चालते, तिच्यासाठीं कांहीं वेगळी सूचना आहे काय, तें पाहून घ्यावें. कारण त्या वायूला पेट घ्यावयास ठिणगीचा दाब अधिक लागतो.

कामाला हात घालण्यापूर्वीं इंजिन पूर्णपणें थंड झालेलें असावें. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर सकाळीं काम करणें सर्वांत उत्तम. तापलें असतां अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतें व निवलें असतां तितकेंच आकसतें. ऊन हेडमध्यें आवळलेला प्लग हेड निवल्यावर भलताच आवळून बसतो, आणि आवळण्याचे जे आंकडे दिलेले असतात ते थंड इंजिनाचेच असतात. किल्ली काढून ठेवावी. नंतर एका वेळीं एकाच सिलिंडरचें काम करावें. ज्या जुन्या इंजिनांत वांटप-डबींतून प्रत्येक प्लगला वेगळी तार येते, तेथें तारांची अदलाबदल झाली कीं इंजिन धड चालत नाहीं. चार सिलिंडरच्या इंजिनांत पेटण्याचा क्रम बहुधा एक, तीन, चार, दोन असा असतो, आणि तो बिघडून चालत नाहीं. तार ओढून काढूं नये. तिचें रबरी टोपण धरून, थोडें फिरवून, मग काढावें. आजच्या इंजिनांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. तिचा बोल्ट काढून व जोडणीची खिट्टी सोडून तीही अशीच हलक्या हातानें वर घ्यावी.

प्लग काढण्यापूर्वीं त्याच्या भोंवतालचा खळगा साफ करणें अत्यंत महत्त्वाचें आहे. तेथें धूळ, वाळूचे कण, पानांचा चुरा, क्वचित् तेलही सांचलेलें असतें. प्लग निघतांच हें सारें सिलिंडरमध्यें पडेल. सायकलच्या पंपानें वारा घालून आणि ब्रशानें झाडून खळगा स्वच्छ करावा. प्लग एक फेरा सैल करून पुन्हां वारा घालावा, आणि मगच तो काढावा. पाना प्लगच्या षट्कोनावर शेवटपर्यंत उतरलेला आणि सरळ उभा असावा. तो तिरपा झाला तर पांढरें आवरण तडकतें. प्लग हलत नसेल तर हिसका देऊं नये. गंज सोडविणाऱ्या तेलाचे दोन थेंब आट्यांशीं सोडून कांहीं वेळ जाऊं द्यावा, आणि मग थोडा सैल, पुन्हां थोडा घट्ट, पुन्हां थोडा सैल, असें करीत तो बाहेर आणावा. आट्यांत अडकलेला कण अशानें चुरडून निघून जातो. एकदम जोर केला तर तोच कण आटे खरवडून काढतो.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानें फडक्यावर मांडावे. वैद्य रोग्याची जीभ पाहतो, तशी प्लगच्या टोंकावरून इंजिनाची प्रकृति पाहतां येते. टोंक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणांत पेट्रोल अधिक आहे, किंवा गाडी फार थोड्या थोड्या अंतराच्याच फेऱ्या करते. ओलें, चकचकीत काळें तेल दिसलें तर दट्ट्याच्या कड्या किंवा झडपांची सीलें झिजलीं आहेत. पांढुरकें, फोड आलेलें टोंक फाजील उष्णतेची सूचना देतें. चारांपैकीं एकच प्लग निराळा दिसला, तर दोष त्याच सिलिंडरमध्यें शोधावा. नवे प्लग घालून ही लक्षणें झांकलीं जातात, रोग जात नाहीं. म्हणून जुने प्लग पाहिल्याशिवाय फेंकूं नयेत.

नवा प्लग डबींतून काढल्यावर त्याची फट मोजून घ्यावी. फट नेमकी किती हवी तें पुस्तिकेंत दिलेलें असतें; बहुतेक गाड्यांत ती ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. मोजण्यासाठीं गोल तारांचें माप वापरावें. फट कमी-अधिक करावयाची झाल्यास बाहेरील पट्टीच हलकेंच वांकवावी. मधल्या दांडीवर कशाचाही टेंका देऊं नये. इरिडियमच्या प्लगांची दांडी तर सुईसारखी बारीक असते. तिला मापाचाही धक्का सोसत नाहीं, म्हणून तसे प्लग कारखान्यांत लावलेल्या फटीनेंच वापरणें श्रेयस्कर. जो प्लग हातांतून फरशीवर पडला तो वापरूं नये. त्याच्या आंतील केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाहीं, पण विजेला ती बरोबर सांपडते.

आतां मुख्य काम. एखादा गृहस्थ आजवर सर्व कांहीं ठीक करीत आला आहे असें समजावें. नवा प्लग त्यानें पान्यांत अडकविला, खोल खळग्यांत सोडला, आणि लांब दांड्यानें फिरविण्यास आरंभ केला. प्लग किंचित् तिरपा टेकला होता. अर्धा फेरा सहज झाला. मग जरा जड वाटलें. गृहस्थाला वाटलें, प्लग नवा आहे, जड जाणारच. त्यानें जोर केला, आणि प्लग फिरला. पण तो हेडच्या आट्यांतून फिरला नव्हता. हेडच्या मऊ धातूंत स्वतःचे नवे, वांकडे आटे कापीत तो फिरला होता. मिस्त्रींच्या भाषेंत आटा चढला. लांब दांड्याच्या पान्यांत हाताचा जोर कितीतरी पटींनीं वाढतो, आणि बोटांना जी अडचण कळली असती ती पान्याला कळत नाहीं. सर्व अनर्थ एवढ्यांतच आहे.

म्हणून आरंभीचे फेरे पान्याच्या दांड्यानें कधींही देऊं नयेत. बोटें पोंचत असतील तर बोटांनीं, नाहीं तर दांडा काढून नुसत्या लांब नळीच्या पान्यानें, चिमटींत धरून, प्लग फिरवावा. याहूनही चांगली युक्ति म्हणजे वीतभर लांबीचा रबरी नळीचा तुकडा. पेट्रोलच्या किंवा पाण्याच्या बारीक नळीचा असा तुकडा प्लगच्या वरच्या टोंकावर घट्ट बसवावा, आणि त्याच्या योगानें प्लग खळग्यांत सोडून फिरवावा. प्लग सरळ असेल तर तो सुरळीत उतरत जातो. तिरपा असेल तर रबर त्याच्यावरून घसरतें, पुढें जोर लागतच नाहीं. जोर करण्याची शक्तीच ज्यांत नाहीं असें हें हत्यार आहे, आणि तोच त्याचा मोठा गुण आहे.

फिरविण्याचीही एक रीत आहे. प्लग भोंकावर टेकवून प्रथम उलट दिशेला, म्हणजे सैल करण्याच्या दिशेला, हळूहळू फिरवावा. एका जागीं तो किंचित् खालीं उतरल्याचें बोटांना जाणवतें. आट्याचीं तोंडें तेथें एकमेकांसमोर आलेलीं असतात. तेथूनच सुलट फिरविण्यास आरंभ करावा. प्लग बैठकीला टेकेपर्यंत साऱ्या आट्यांतून असाच नुसत्या बोटांच्या बळावर गेला पाहिजे. मध्येंच अडला तर काढावा, आटे पुसावे, पुन्हां आरंभ करावा. दहा वेळां काढावा लागला तरी हरकत नाहीं. अकराव्या वेळीं जोर करणें मात्र परवडणारें नाहीं.

प्लग बैठकीला टेकला म्हणजे मगच पान्याचें काम सुरू होतें. आवळण्याचें बळ मोजून दाखविणारा टॉर्क रेंच हातीं असेल तर फारच उत्तम. अल्युमिनियमच्या हेडमध्यें सपाट बैठकीच्या १४ मिलिमीटर प्लगला साधारणतः २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०, आणि १० मिलिमीटरला १० ते १२ न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरतो. १४ मिलिमीटरच्या निमुळत्या बैठकीला १० ते २० पुरे होतो. २५ न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोंकाशीं दहा किलो वजन टांगल्यानें पडेल तेवढा पीळ. दणकट मनुष्य सहज जो जोर लावील त्याच्या मानानें तो अगदींच थोडा. गाडीच्या पुस्तिकेंत निराळा आंकडा असेल तर तोच खरा मानावा. रेंचनें टक् असा आवाज दिला कीं थांबावें. खात्रीसाठीं म्हणून आणखी एकदां ओढूं नये.

टॉर्क रेंच नसला तरी काम अडत नाहीं. मात्र तेव्हां जोराचा नव्हे, फिरण्याचा हिशेब ठेवावा. यासाठीं घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणावी. १४ मिलिमीटरचा सपाट बैठकीचा नवा प्लग बोटांनीं टेकेपर्यंत बसविल्यावर पान्यानें आणखी अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. म्हणजे बाराच्या जागीं असलेला पान्याचा दांडा सहापासून आठापर्यंत न्यावा. एवढ्या फिरण्यांत वायसर दबून चपटा होतो व बैठक पक्की होते. तोच प्लग काढून पुन्हां बसवावयाचा असेल तर वायसर आधींच दबलेला असतो. तेव्हां दांडा बारावरून एकावर आणला कीं पुरे. निमुळत्या बैठकीला तर त्याहूनही कमी, म्हणजे एक षोडशांश फेरा. प्लगच्या वेष्टनावर बहुधा हें चित्रानें दाखविलेलें असतें, आणि तेथें कांहीं वेगळें असेल तर तें पाळावें.

आट्यांना ग्रीस किंवा तत्सम कांहीं चोपडावें कीं काय, याविषयीं पुष्कळांचा गोंधळ होतो. आजच्या बहुतेक प्लगांच्या आट्यांवर गंजापासून रक्षण करणारा मुलामा कारखान्यांतच दिलेला असतो. त्यांवर आणखी कांहीं लावण्याची गरज नाहीं. उलट वंगणामुळें घर्षण कमी होऊन, रेंच तोच आंकडा दाखवीत असतां आट्यांवर पडणारा ताण मात्र वाढतो. हेतु रक्षणाचा असतो, आणि फळ आटे ओढले जाण्याचें मिळतें.

सर्व प्लग बसल्यावर कॉइली किंवा तारा आपापल्या जागीं, टोपण टेकल्याचें हाताला जाणवेपर्यंत दाबाव्या, आणि जोडण्यांच्या खिट्ट्या लागल्याची खात्री करावी. मग इंजिन सुरू करून थोडा वेळ कान द्यावा. ताल एकसारखा असेल तर काम फत्ते झालें. मधूनच ठोका चुकत असेल, म्हणजे ज्याला मिस्त्री मिसिंग म्हणतात तें होत असेल, तर एखादी जोडणी सैल आहे. तसेंच गाडी दामटूं नये, कारण न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें, आणि तो महागाचा भाग जळून जातो. फुसफुस असा आवाज आला तर एखादा प्लग पुरता बसलेला नाहीं. इंजिन चालूं असतां कॉइलीला किंवा तारेला हात लावून परीक्षा करण्याच्या भरीस मात्र कोणीं पडूं नये. तो विजेचा झटका हलका नसतो.

इतकेंही करून हेडमधील आटे गेलेच, तर तें झांकून ठेवूं नये. खराब आट्यांत प्लग कसाबसा दाबून बसविला तर तो एके दिवशीं भर रस्त्यांत उडून बाहेर येण्याचा संभव असतो. चांगला मिस्त्री जुनें भोंक मोठें करून, नवे आटे पाडून, त्यांत पोलादी आट्यांची गुंडाळी किंवा नळी बसवितो; ती मूळच्या आट्यांहूनही टिकाऊ होऊं शकते. परंतु त्या कामांत धातूचा कीस सिलिंडरमध्यें पडूं न देणें हें मोठें कौशल्याचें काम आहे, आणि पुष्कळदां त्यासाठीं हेडच उतरवावें लागतें. रविवारच्या सकाळीं पांच मिनिटें वांचविण्याची ही किंमत होय. प्लग अडला, पुन्हां पुन्हां काढूनही सरळ जाईना, तर तेथेंच थांबून जाणत्या मिस्त्रीला बोलावण्यांत कमीपणा नाहीं. हात केव्हां आवरावा हें कळणें हाही त्या विद्येचाच भाग आहे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींना प्लगच लागत नाहीं, आणि डिझेलच्या इंजिनाला ठिणगीची गरजच नसते. परंतु पेट्रोल आणि सी.एन.जी. यांवर चालणाऱ्या असंख्य गाड्या रस्त्यांवर आहेत, आणि श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या दारांतही त्या उभ्या असतील. त्यांच्या प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर बोटभर लांबीचा एक प्लग पाऊणशें-नव्वद किलोंचे धक्के खात, सेकंदाला पंचवीस ठिणग्या पाडीत, वर्षानुवर्षें मुकाट्यानें उभा असतो. त्याला बसवितांना मागणी असते ती फक्त स्वच्छ जागेची, सरळ आरंभाची आणि मोजक्या पिळाची. तेवढी पुरविली कीं पुढील लाखभर किलोमीटर त्याची आठवणही होत नाहीं.